जपानीतले नातेवाईक

भाषांतराच्या खात्यात कामाचा ढीग संपत नाही आणि किस्स्यांचाही! खराडीच्या एका आयटी कंपनीत आम्ही जपानी कागदपत्रांचं इंग्रजी करायचो. मराठीचा आणि जपानीचा काडीचा संबंध नाही, पण शब्द बघावेत तर आपल्याच घरातले.

*

जपानीत 'नाना' म्हणजे सात. आमच्या अकाउंट्सलाही एक वडीलधारे नाना होते. जपानहून आलेले तानाकासाहेब मीटिंगला माणसं मोजायला लागले. "...गो, रोकू, नाना!" म्हणताच आमचे नाना हात जोडून उभे!

"पहिल्याच भेटीत नाव पाठ! याला म्हणतात साहेब."

त्यांना खरं सांगायची हिंमत आजवर कोणाची झालेली नाही.

*

'बाबा' म्हणजे म्हातारी. हे मी घरी वडिलांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "म्हातारी तर म्हातारी. चहा कोण टाकतंय?"

*

माझी सहकारी मीनल कसब्यात राहायची. घरात ती आणि आई, दोघीच. संध्याकाळी मोठ्याने शब्द घोकायची. आई म्हणजे प्रेम, आजी म्हणजे चव, काकू म्हणजे लिहिणे, ताई म्हणजे एक मासा.

भाजी निवडता निवडता तिची आई म्हणाली, "आमच्यापैकी माणूस म्हणून कोणी उरलंय का गं तिकडे?"

*

मीनलच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा तानाकासाहेबांना आणि मला जेवायला बोलावलं. जपानी रीत अशी, की पानात काही टाकायचं नाही. काकूंची रीत अशी, की पान रिकामं दिसलं की वाढायचं! साहेब बिचारे संपवतायत, काकू वाढतायत. शेवटी मीच साहेबांच्या कानात सांगितलं, "थोडं शिल्लक ठेवा, नाहीतर सुटका नाही."

*

जेवणं झाली. मीनलला दोन-तीन वर्षं जपानला पाठवायचं कंपनीत घाटत होतं. तिचा जीव तिकडे जायला तुटत होता, पण आई एकटी पडेल म्हणून ती नाही म्हणणार होती. काकूंना कुणकुण लागलीच! पदराला हात पुसत त्या साहेबांसमोर बसल्या.

"मीनल, सांग त्यांना. पोरीला खुशाल न्या. मी ठणठणीत आहे."

मीनल मान खाली घालून जपानीत म्हणाली, "आईची तब्येत बरी नसते. मला यायला जमणार नाही."

साहेबांचा चेहरा उतरला.

काकू माझ्याकडे वळल्या. "काय रे, 'न्या' म्हटल्यावर माणूस असं तोंड पाडतो होय? आता तू सांग बघू. शब्दाला शब्द."

मीनल डोळ्यांत पाणी आणून मला मानेनेच 'नको, नको' म्हणत होती. मी काकूंचं म्हणणं साहेबांना जपानीत जसंच्या तसं सांगितलं.

तानाकासाहेब उठले आणि काकूंसमोर कमरेत पार वाकले.

काकू म्हणाल्या, "मीनल, रडतेस काय? ताक आण त्यांना."