बनाना राईड, काका आणि मी

माझं सगळं बदललं ते बनाना राईडवरून पाण्यात पडलो तेव्हा… दुपारी, कोकणातल्या एका बीचवर, अख्ख्या गल्लीसमोर.

आम्ही चाकूरचे. मामाची ट्रॅव्हलर आहे, गल्लीतली चार घरं मिळून सुट्टीला निघाली आणि मामाच्या सोबतीला मी. खरं कारण वेगळं होतं. ती पण येणार होती.

तिचं नाव इथं लिहीत नाही, मला गल्लीत राहायचंय. एवढंच सांगतो, ट्रिपवरून परत गेलं की उदगीरची माणसं तिला बघायला येणार होती… म्हणजे काय करायचं ते मला इथंच करायचं होतं.

माझा प्लॅन जबरदस्त होता. लहानपणापासून विहिरीत पोहतोय, मुटका असा मारतो की पाणी काठावर बसलेल्यांच्या अंगावर जातं. म्हटलं, समुद्रात असा मुटका मारतो की तिनं बघतच राहावं.

शर्ट काढून जोरात पळत गेलो… पाणी गुडघ्याएवढं. अजून पुढं गेलो, गुडघ्याएवढंच. उडी मारायची कुठून आणि कशात? मागून मामा ओरडला, "अरे चालत चालत दुबईला जातोस का काय!" सगळी गल्ली हसली. ती पण हसली.

डोकं सणकलं माझं. वाळूत लाथ मारून बसून राहिलो.

मग बनाना राईडचं ठरलं. पिवळा लांबडा फुगा, त्यावर घोड्यासारखं बसायचं, पुढं बोट ओढते. ती बहिणीसोबत पुढं बसली. मी धावत जाऊन तिच्या मागची जागा पकडणार… तेवढ्यात तिचे वडील शांतपणे आले आणि मधे बसले. चाकूरला खतं-बियाणांचं दुकान आहे त्यांचं. सगळे काकाच म्हणतात. माझ्याशी ते चार वाक्यांच्या वर कधी बोलले नव्हते.

बोटवाल्यानं खोल पाण्यात नेऊन असा गर्रकन वळसा घेतला की सगळे धपाधप पाण्यात. अंगात लाईफ जॅकेट होतं, तरी माझी फाटली. नाकातोंडात खारट पाणी, डोळे चुरचुरतायत… विहिरीत घाबरलं तर हात लावायला भिंत तरी असते. इथं कुठल्याच बाजूला काही नाही.

मी हातपाय झाडत होतो. कुणीतरी मागून जॅकेटला धरलं.

"गप पड. पाठीवर पड. जॅकेट हाय ना अंगात, बुडायला काय झालं?"

काका! त्यांचं आजोळ गोदावरीकाठचं, नदीत पोहून वाढलेले, हे मला नंतर कळलं. माणूस खाटेवर पडावा तसे पडले होते पाण्यावर. बोट आधी बायका-पोरांना उचलत होती, आम्ही दोघं लांब राहिलो होतो.

"माझ्या पोरीच्या मागं कधीपासून फिरायलास?"

परत तोंडात पाणी गेलं माझ्या. "कॉलेजात होतो तवापासून…"

"आन् कॉलेज?"

"सोडलं."

"ते अख्ख्या चाकूरला ठाऊक हाय. आता काय करायलास?"

कॉलेजचा विषय निघाला की मी उठून जातो. लग्नात, चहाच्या टपरीवर, सख्ख्या मावशीच्या घरात सुद्धा भांडून ताटावरून उठलोय. पण इथं जाणार कुठं… जॅकेट काकांच्या मुठीत!

मग सांगितलं. लातूरला वर्कशॉपात मोटारी भरतो. बोअरची जळालेली मोटार येते, आतली तार काढायची, नवी गुंडाळून बसवायची. "चालू झाली की आणणाऱ्याचं तोंड बघावं काका… मला लई आवडतं ते काम."

"मग इतके दिवस बोलला का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई. सगळे कॉलेज का सोडलं तेवढंच इचारतात."

"उदगीरचे येणार हायत."

"त्यांना येऊ देऊ नका."

"मला हुकूम सोडायलास? समुद्रात?" असं म्हणून ते हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. बोट आली, चढता चढता म्हणाले, "संध्याकाळी खोलीवर ये. कोरड्या कपड्यात."

गेलो. काकू बॅगेतून धपाटे काढत होत्या, ती खिडकीपाशी केस वाळवत होती. मी छातीत हवा भरून तयार… पण काकांनी मला काहीच विचारलं नाही. तिला विचारलं. "उदगीरकरांना काय कळवू?"

"नको म्हणून कळवा." एका दमात.

मी उडालोच! तर ती माझ्याकडं वळली. "तुला पण हो म्हणलं न्हाई मी. माझं बीएड होऊ दे आधी. मग मी सांगते. तोवर मोटारी भर. आन् जिथं तिथं भांडू नको."

खरं सांगतो, 'तोवर म्हणजे कधी' हे जिभेवर आलं होतं. पण तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, आणि तिनं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्यात मी तरी कशाला मधे तोंड घालू?

(ही पोस्ट काकांना वाचून दाखवूनच टाकतोय. काका, पाण्यात धरल्याबद्दल आणि आधी तिला विचारल्याबद्दल… थँक्यू.)

"बरं," एवढंच तिला म्हणालो आणि उठलो. मागं काकू काकांना म्हणत होत्या, "हे पोरगं एवढं गप? समुद्र बाधला वाटतं ह्याला."

हसू दाबत बाहेर आलो, आणि दार हळूच ओढून घेतलं.