निळ्या ड्रमाचा अर्ज

ती बाई आजही आठवते, आणि आठवली की मान खाली जाते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी उमरखेडच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. एका संस्थेने गावात योजना आणली होती. कापूस निघाल्यावर उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उघड्यावर पेटवायची नाही, खड्ड्यात जाळून वेळेवर पाणी मारायचं आणि झालेला कोळसा मातीत मिसळायचा. त्यामुळे हवेत जाणारा कार्बन जमिनीत राहतो. जो वाचला त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे कार्बन क्रेडिट, दूरचा एखादा कारखाना आपल्या धुराच्या बदल्यात विकत घेतो. पुरावा म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या खड्ड्याचा फोटो संस्थेकडे जायचा. उद्घाटनाचा नारळ मीच फोडला होता, गणवेशात. यातलं मला काडीचंही कळलं नव्हतं.

महिन्याभराने फुलसावंगीकडची ती शेतकरी बाई ठाण्यात आली.

"साहेब, माह्या वावरातल्या खड्ड्याचे फोटो दुसऱ्याईच्या नावानं टाकून राह्यले. त्याईनं तर पऱ्हाटी पेटवून देल्ली."

"बाई, तुमचं चोरीला काय गेलं? धूर?" मी विचारलं. हवालदार हसला, मीही हसलो. ठाण्यामागे रोजच्यासारखा पालापाचोळा जळत होता. तिने खिडकीतून तिकडे पाहिलं, अर्ज टेबलावर ठेवला आणि निघून गेली. मी तो खणात टाकला.

दोन महिन्यांनी बाहेरून तपासणीला आलेल्या माणसाने फसवणुकीची फिर्याद दिली. गुन्हा नोंदवून मी फोटो मागवले. शेतकरी वेगळे, गट नंबर वेगळे, पण प्रत्येक खड्ड्याच्या कडेला एकच निळा ड्रम, लाल चिंधी बांधलेला. तेव्हा कुठे खण उघडला. अर्जात तिने स्वच्छ लिहिलं होतं : 'ओळख - निळा ड्रम, लाल चिंधी.'

फोटो काढणाऱ्या संस्थेच्या एजंटाला ठाण्यात बसवलं. तो फार वेळ टिकला नाही.

"खड्डे कोणी करेच ना, साहेब. मले यादी भरायची होती. योजनेच्या कागदावर सह्या तर लोकाईनं तुमच्या वर्दीकडे पाहून केल्या."

जबाबात त्याचं हे शेवटचं वाक्य मी घेतलं नाही. त्याचीही लाज वाटते.

पुढे सगळी योजनाच रद्द झाली. खोट्यांबरोबर तिचा खरा खड्डाही बाद ठरला. अर्ज आला त्याच दिवशी हललो असतो, तर तिचं काम वाचलं असतं.

पुढच्या हंगामात तिचा अर्ज खरा होता हे सांगायला गेलो, तर ती खड्ड्यापाशी उभी होती. आच होती, धूर जवळजवळ नव्हताच.

"आता कोणी मोजत नाही, तरी काहून करता?" मी विचारलं.

"मोजत होते तवाई माहाच खड्डा होता, आताही माहाच हाय."

मला माफी मागायची होती. शब्द जुळवत तिथेच उभा राहिलो.

"बाजूले व्हा, साहेब," ती ड्रमाकडे वळत म्हणाली. "पाण्याले उशीर झाला तं निस्ती राख होते."

मी बाजूला झालो.