शहनाजनं न दिलेली गोळी

शहनाजच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. ‘मावशी, अम्मी गेली. झोपेतच.’ खरं सांगते, रडू फुटायच्या आधी मनात आलं, बघा, हेही हिलाच मिळालं. अंथरुणाला खिळणं नाही, कुणाकडून करून घेणं नाही... तिला जाऊन महिना होत आला, तरी माझी जळजळ काही गेलेली नाही.

शहनाज थेरगावची, नवऱ्याचं डांगे चौकाजवळ गॅरेज. मी निगडी प्राधिकरणातली. संधिवाताच्या ओपीडीत, बाकावर ताटकळताना आमची ओळख झाली. दोघींची बोटं सकाळी आखडलेली, दोघी चहाचा कप दोन्ही हातांनी धरणाऱ्या. एकमेकींच्या वाकड्या बोटांची आम्ही यथेच्छ टवाळी करायचो. मग इस्पितळात एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला. औषध एकच, पण कुणाला जास्त डोस, कुणाला कमी. कमी डोसनं तेवढाच गुण येतो का, ते बघायचं. कुणाला किती मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना. दोघींनी नावं दिली. तिला घेतलं. माझं लिव्हर जरा बिघडलेलं निघालं, म्हणून मला वगळलं.

तिथून माझं डोकं फिरलं. तिला न्यायला गाडी यायची. सिस्टर फोन करून विचारायची, झोप लागली का, जिने चढता आले का. आमचे हे चाकणच्या कंपनीत शिफ्टला, मुलगा त्याच्या कामात. मला असं कुणी कधी विचारलं असेल तर शपथ. त्यात बयेची बोटं सुटायला लागली. रमजानात स्वतः वळलेले समोसे घेऊन आली. त्यांच्या कडांची नाजूक मुरड बघून मी हातातला समोसा तसाच ताटलीत ठेवला.

शेवटी मी तोंड उघडलंच. म्हटलं, तुझ्यातल्या थोड्या गोळ्या मला दे. घासातला घास काढून देणारी बाई, नाही कशाला म्हणेल?

‘मंगल, किडनी माग, देते,’ ती म्हणाली. ‘ही गोळी माझी नाही गं. रिकामी पाकिटंसुद्धा ते मोजून परत घेतात. तुझ्या लिव्हरला काही झालं म्हणजे? आणि सगळ्या मीच घेतल्या असं खोटं सांगितलं, तर त्या खोट्यावर पुढं कुणाला तरी औषध देतील.’

मी म्हटलं, बरी शहाणी झालीस. आणि बोलणं तोडलं. नंतर तिनंच फोन करकरून ते जोडून घेतलं, तेही श्रेय तिचंच.

अभ्यास संपला. कमी डोसही पुरतो, असं निघालं. डॉक्टर मला म्हणाले, एवढा डोस तुमच्या लिव्हरला झेपेल, रक्त तपासत राहू, करू सुरू. शहनाजला मी हे कळवलंच नाही. मूठ पुरती वळेपर्यंत गप्प राहायचं आणि मग एक दिवस थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरून, तिला बाजूला सारून तिची कणीक मळायची, असं ठरवलं होतं. जळू दे की तीही थोडी.

तेवढंही थांबली नाही ती.

परवा तिच्या घरी गेले. सुनेनं चहा टाकला, मी उगाच ओट्याशी उभी राहिले. परातीत पीठ होतं. म्हटलं, सरक, मी मळते. ती नको नको म्हणत राहिली आणि मी मळत राहिले... मुठी आवळून, जोर लावून, अगदी मऊसूत होईपर्यंत.

सून बघतच राहिली. ‘मावशी, तुमचे हात बरे झाले की. अम्मी किती खूष झाल्या असत्या.’

तेच तर. खूष झाली असती बया. जळली नसती, एवढीशीसुद्धा.