न चिकटणारी पट्टी

शमीमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेचं कुलूप काढत होते. "मॅडम, आपा गेली..." एवढंच तो बोलला. आदल्याच दिवशी मी तिला दवाखान्यात भेटून आले होते.

एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर. मी गडहिंग्लजची, ती कोल्हापुरातल्या गादीवाल्याची मुलगी. विषय पॉलिमरच का, असं मी विचारलं, तेव्हा तिनं धाकट्या बहिणीचं सांगितलं. ती स्टोव्हच्या भडक्यात भाजली होती. "पट्टी बदलताना कातडं सोलून यायचं गं. गल्लीभर वरडणं जायचं. जखमंला न चिकटणारी पट्टी करायची हाय मला." बहीण वाचली नव्हती.

पुढं आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो. पट्टीवरच्या लेपासाठी शमीम कोपॉलिमर रचत राहिली. दोन वेगळ्या स्वभावांचे रेणू एकाच साखळीत गुंफायचे, एक पाणी धरून ठेवणारा, दुसरा पाण्यापासून पळणारा. सरळ साखळ्यांचा लेप चिकटायचाच. मग तिनं साखळीला चहूबाजूंनी फांद्या फोडल्या, बाटली धुवायच्या ब्रशसारख्या. त्या लेपाची पट्टी बोकडाच्या ओल्या कातड्यावरून अलगद सुटली आणि ही बाई खुर्चीत बसून ढसाढसा रडली. पण चिमूटभर जमलेलं वाटीभर जमेना. प्रमाण वाढवलं की फांद्या एकमेकींत अडकायच्या, सगळ्याचा गोळा व्हायचा.

त्यातच तिची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस चालू असतानाही ती मला नव्या रचना सांगायची, मी त्या तिच्या टेबलावर करून बघायची. रक्त गाळणाऱ्या नळकांड्याकडं बघत एकदा म्हणाली, "ह्यातली जाळी बी पॉलिमरच की. कुणाला तरी जमलं, म्हणून मी जित्ती हाय."

शेवटच्या भेटीत तिचा आवाज पार खोल गेला होता.

"फांद्या विरळ केल्यास?"

"केल्या."

"मग?"

खोटं बोलावंसं वाटलं... पण तिच्याशी ते कधी जमलंच नाही. "पुन्हा गोळा झाला गं."

ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता तिकडं धाकटीला काय सांगू?"

महिना होत आला. शेवटच्या प्रयोगाचा चंबू अजून तिच्या टेबलावरच आहे. आतला लेप रबरासारखा घट्ट झालाय, ढवळायचा चुंबकी मणी त्यात रुतून बसलाय. परवा मी ढवळयंत्राची कळ फिरवून पाहिली. मणी जागच्या जागी थरथरला... फिरला नाही.