रॅमच्या स्लॉटमधलं कुंकू

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. साकीनाक्याला एका गल्लीत माझा अर्धा गाळा आहे. उरलेल्या अर्ध्यात चंद्रप्रकाश झेरॉक्स काढतो, मी लॅपटॉप दुरुस्त करते. बारा वर्षं झाली, तरी अजून गिऱ्हाईक येऊन मलाच विचारतं, "मॅडम, रिपेअरवाला कुठे गेला?" मी म्हणते, "मेला. मी त्याचं भूत. बोला, काय बिघडलंय?"

घाडीकाकांनी तसं विचारलं नाही. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. मी तेव्हा दुसरं एक मशीन उघडत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "स्क्रू कुठे ठेवतेस, गो?"

मी चुंबक लावलेली स्टीलची वाटी दाखवली. त्यांनी मान हलवली. "बरा. मग तुझ्याकडेच देतो."

हे जयवंत घाडी. कणकवलीकडचे, वय पंच्याहत्तर. अंधेरीच्या एमआयडीसीत छत्तीस वर्षं फिटर होते. आता मरोळला वन रूम किचनमध्ये एकटे राहतात. बायको, रुक्मिणीकाकू, गेल्या डिसेंबरात गेली. लेक अपूर्वा बोरिवलीला असते. लॅपटॉप तिच्या कॉलेजातला, अकरा वर्षांचा. लग्न झाल्यावर तिने तो बाबांकडे ठेवला, कारण काकांचा फोन बटणांचा आणि डोळे मोतीबिंदूवाले.

"रविवारी अकराला तिचा व्हिडिओ येतो," काका म्हणाले. "दोन मिनिटांत अडकतो. 'बाबा, तू अडकलास,' म्हणते नि ठेवते. दर रविवारी तेच. माका तिच्याशी बोलाक होया."

"काय बोलायचंय एवढं?" मी विचारलं. सांगितलं ना, तोंड फटकळ.

"ते काय ठरलेलं नाय. बोलत बसलं की सुचतं."

आता बोरिवली काय सातासमुद्रापलीकडे आहे का? मरोळहून मेट्रोने तासाभराचं काम. तेही मी बोलून दाखवलं. काका म्हणाले, "लेकीच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊ नये." आणि ती बोलावत नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं.

मशीन चालू केलं. बाई गं! चालू व्हायलाच चार मिनिटं. रॅम फक्त चार जीबी, आणि आजकालचे ते कॉलवाले प्रकार तेवढी एकट्यानेच गिळतात. मशीन बाकी ठणठणीत होतं. मी काकांना समजावलं, "रॅम म्हणजे काम करायचं टेबल. टेबल छोटं, पसारा मोठा, म्हणून अडकतं. आत दुसरा स्लॉट रिकामा असणार. त्यात अजून चार टाकू, पळायला लागेल."

"म्हणजे लेक अडकायची नाय?"

"छे, झकास चालेल."

हे 'झकास' मी बोलले, आणि तिथेच चुकलं.

खालचं झाकण दोन स्क्रूंचं. काढलं, रिकाम्या स्लॉटमध्ये नवी रॅम तिरकी घातली, दाबली, बसली. बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून बीप, बीप, बीप. जुनी रॅम एकटी ठेवली तर चालू. नवी जोडली की बोंब.

"रॅमची नवी काठी खराब असेल," मी म्हटलं. ती काढून दुसऱ्या कंपनीची घेतली, स्लॉट बदलला, जुनी इकडे, नवी तिकडे. परत बीप. माझं डोकं तापलं.

काका स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "एकदम दोन बदलू नको गो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणजे बिघाड कुठे आहे ते तोच सांगतो. आमच्या फोरमनची शिकवण."

एरवी कुणी मला माझ्या काउंटरवर शिकवलं असतं तर मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण म्हातारा बरोबर होता. गप्प बसून एकेक केलं. नवी रॅम एकटीच जुन्या जागेवर लावली, तर सुरू! जुनी एकटीच दुसऱ्या जागेवर लावली, तर बीप. म्हणजे रॅम दोन्ही चांगल्या. दुसरा स्लॉटच मेलेला.

तेवढ्यात आईचा फोन आला. आई, सोनूबाई, वाशीमकडे गावात असते. ती फोनवर पहिलं वाक्य एकच बोलते, "दर्शना, आवाज येऊन राहिला का वं?" माझ्या एका हातात चिमटा, दुसऱ्यात टॉर्च, म्हणून फोन काउंटरवरच स्पीकरला टाकला. मी म्हटलं, "आई, तुटतोय आवाज, मग करते," आणि ठेवला. आवाज काही तुटत नव्हता. पण कामाच्या वेळी कोण ऐकत बसणार, कोणाची म्हैस व्यायली ते! काका तेव्हा माझ्या स्क्रूच्या वाटीकडे बघत होते.

भिंग लावून स्लॉटमध्ये बघितलं. आत लालसर काहीतरी बसलं होतं. मला वाटलं गंज. रबराने रॅमचे सोनेरी दात घासले, स्लॉटमध्ये ब्रश फिरवला, तर लाल चूर्ण कागदावर पडलं. मागोमाग एक पिवळा दाणा. मी चिमट्याने उचलला. तांदूळ!

"काका, हे काय आहे?"

काकांचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला. "अक्षता," ते म्हणाले. "दसऱ्याची."

आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र दिन. हळदकुंकवाचा आमचा संबंध नाही, म्हणून कुंकू मला ओळखूच आलं नाही. काकांच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊनपुसून पुजायचे. लेथचं झाकण उघडून आतल्या मोटरला कुंकू लावायचं, वरून लावलेलं खरं नव्हे, असा फोरमनचा दंडक. घरी मात्र दसऱ्याला ही पूजा काकू करायची. मिक्सर, शेगडी, शिलाई मशीन आणि पोरीचा लॅपटॉप. कुंकवात पाण्याचा थेंब घालून, अनामिकेने, वरच्या झाकणावर एक ठिपका. पुसला की संपलं.

"यंदा ती नव्हती," काका म्हणाले. "मी केली पूजा. म्हटलं, लेक दर रविवारी अडकते, तर आतूनच करूया. झाकण उघडलं. बघतो तर एक जागा रिकामी. मला वाटलं, ठेवलेलीच असेल."

"पूजेसाठी? लॅपटॉपमध्ये? कंपनीने देव्हारा दिलाय होय तुम्हाला?"

"कोरडं कुंकू घातलं मी. पाणी घालतात ते माझ्या लक्षातच आलं नाही. ती घालायची ना."

माझी हसायची तयारी होती, ती तिथेच राहिली.  सफाईचं स्पिरिट घेतलं, मऊ ब्रशने एकेक पिन साफ केली, रबरी फुग्याने हवा मारली, अर्धा तास सुकू दिलं. मग रॅम बसवली. काकांनी कान पुढे केला. "खटका वाजला," ते म्हणाले. बटण दाबलं. पडदा उजळला. आठ जीबी! मी एवढ्या जोरात "येस" ओरडले की चंद्रप्रकाशने झेरॉक्स थांबवली. तो अक्षतेचा दाणा काकांनी कागदात बांधून खिशात ठेवला.

"रविवारी ये घरी," जाताना म्हणाले. "फिटर ट्रायल बघितल्याशिवाय जात नाय."

रविवारी मी कुठे जात नाही. गोवंडीच्या खोलीवर झोपा काढते. पण गेले. मरोळच्या त्या घरात सगळं जागच्या जागी होतं, आणि दोन खुर्च्यांपैकी एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तो उचलून काकांनी मला बसायला दिलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर कागद, त्यावर मोठ्या अक्षरात मुद्दे लिहिलेले. 'आईची शिलाई मशीन कोणाला. गावचा फणस. तुला खोकला व्हायचा तेव्हा आई काय करी.' बोलत बसलं की सुचतं म्हणणारा माणूस तयारी करून बसला होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कॉल आला. चित्र काय स्वच्छ! अपूर्वाच्या कानातला खडासुद्धा दिसत होता. मी कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून बाजूला सरकले.

"बाबा, बरायस ना? जेवलास?"

"अकराला कोण जेवतो गो! ऐक, लॅपटॉप दुरुस्त केलाय. आता अडकायचा नाय. तुझ्या आईची शिलाई मशीन..."

अपूर्वा मान खाली घालून फोनवर काहीतरी टाईप करत होती. "हं... हं," म्हणाली. मग कोणीतरी तिला आतून हाक मारली. तिने वर बघितलं. "बाबा, तू परत अडकलास बघ. चित्र तसंच थांबलंय. आवाजपण नाही."

काकांनी हात हलवला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात त्यांचा हात व्यवस्थित हलत होता. मी इंटरनेट बघितलं, फुल्ल. तेवढ्यात काकांना खोकला आला. एकदा, दोनदा.

"अजून आहे का खोकला? काढा घे ना, बाबा," अपूर्वा पटकन म्हणाली.

आणि मग गप्प झाली. तिला कळलं. काकांना कळलं. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. बापलेक एकमेकांकडे बघत होते, आणि रॅम आपलं काम चोख करत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलंही स्पष्ट दिसलं.

काकाच आधी बोलले. "होय गो, अडकतोय खरा. मलाही तू नीट दिसत नाय. ठेव तू, पुढच्या रविवारी बघू."

"ठेवते," ती म्हणाली. कॉल संपला. दोन मिनिटं, काही सेकंद.

मी उसळले. "खोटं बोलली ती! धडधडीत! लावा परत फोन, मी बोलते तिच्याशी!"

"बस," काका म्हणाले. रागावले नाहीत. कागदाची घडी घातली, चष्मा पुसला. "एकच गोष्ट बदलली ना आपण? मशीन बदललं. आता बिघाड कुठे आहे तो कळला. काम संपलं." मग म्हणाले, "आता ती नवी काठी काढ."

"काय?"

"काढ गो बाय. परत अडकू दे. मशीन अडकतं म्हणून ती ठेवते, असं तरी राहू दे. तिला खोटं बोलायची पाळी नको."

"काका, मी ते करणार नाही."

"मग मी काढतो. दोनच स्क्रू आहेत." ते उठून खरंच स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. खण उघडता उघडता, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तिच्यावर रागावू नको. त्या दिवशी दुकानात तुझ्या आईचा आवाजपण तुटत नव्हता."

मला जागच्या जागी रडू फुटलं, खोटं कशाला बोलू. काकांनी पाणी आणून दिलं आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. मग मीच झाकण उघडलं, रॅम काढली. रिकाम्या स्लॉटवर मी कागदाची पट्टी चिकटवली, पुढच्या दसऱ्याला कुंकू आत जाऊ नये म्हणून. काकांनी मशीन चालू केलं आणि चार मिनिटं त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसले.

जिना उतरताना पर्समध्ये फोन वाजला. आई.

"दर्शना, आवाज येऊन राहिला का वं?"

मी पायरीवर बसले. "येतोय आई," मी म्हटलं. "सगळा येतोय. बोल."

 पलीकडून आई घाबरून म्हणाली, "काय झालं वं? बरी हायेस ना तू?"