पाच फूट सव्वासहा

व्हर्लन टीगने एकतीस वर्षं कॉलेजातली पोरं मापण्यात घालवली. एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी तो खेळाडू पारखायचा. अलाबामातली सगळी लहान कॉलेजं त्याच्याकडे. आमच्या कॉलेजात मी चेंडू घेऊन पळणाऱ्या पोरांचा कोच, त्यामुळे दर मार्चमध्ये तो उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन माझ्याकडेच यायचा.

त्या वर्षी तो टेरल पेटवेसाठी आला. टेरलने मोसमात चेंडू घेऊन पळत दीड हजार यार्ड काढले होते. कॉलेजच्या पुस्तिकेत त्याची उंची पाच फूट नऊ छापली होती. तो आकडा मीच दिला होता.

टीगने त्याला अनवाणी भिंतीला लावून उभं केलं.

"टाचा टेक."

"टेकल्यात, सर."

"मग श्वास सोड."

पाच फूट सव्वासहा. वजन एकशे बाहत्तर पौंड, तेही सकाळी ढोसलेलं पाणी धरून.

दोन दिवस टीग त्याच्या सामन्यांच्या फिती पाहत बसला. पळण्यापेक्षा त्याला दुसरंच बघायचं होतं: चेंडू फेकणाऱ्यावर धावून येणाऱ्या दांडगटांना हा अडवतो का. अडीचशे पौंडांचा गडी आला की टेरल वाकून त्याच्या मांड्यांत घुसायचा. दोनदा उताणा पडला. तिसऱ्या वेळी पुन्हा तिथेच उभा.

निघण्याआधी आम्ही तळलेला मासा खायला गेलो.

"खेळेल हा," टीग म्हणाला. "इतक्या बुटक्यांत असा शहाणा पाहिला नाही मी."

"मग तसं लिही."

"लिहिलं होतं एकाबद्दल, अकरा वर्षांपूर्वी. दुसऱ्याच मोसमात गुडघा गेला त्याचा. अजून बैठकीत विचारतात, व्हर्लन, या खेपेला बालवाडीतून कुणाला आणलंस? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी, डेल. उंच पोरगा फसला तर नशीब म्हणतात. बुटका फसला की माझं नाव निघतं."

त्याने लिहिलं: चपळ, समज उत्तम, अंगकाठी लहान. मार सोसणार नाही, घेऊ नये. मी वाचलं आणि गप्प बसलो. पुढच्या वर्षीही तो आमच्याकडे यायला मला हवा होता.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीचे तीन दिवस टेरल आईच्या घरी फोनपाशी बसून होता. दोनशेवर नावं पुकारली गेली, त्याचं नव्हतं. उन्हाळ्यात कॅनडातल्या एका संघाने बोलावलं आणि नऊ दिवसांत परत पाठवलं. मग तो गावाबाहेरच्या कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागला.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका संघाचा पाच फूट सहाचा पोरगा देशभर गाजला. टीगच्या साहेबाने भर बैठकीत विचारलं, "असा एखादा आपल्याला का सापडत नाही?" टीगने टेरलचं नाव सांगितलं. साहेबाने जुनी फाईल मागवली आणि टीगचंच वाक्य सगळ्यांपुढे वाचलं. महिन्याभरात त्याला काढलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

तो माझ्याकडे आला. म्हणाला, त्या पोराला भेटायचंय. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही कारखान्याच्या फाटकाशी टेरलला गाठलं.

"मी तुझ्याबद्दल खोटं लिहिलं," टीग म्हणाला. "तू खेळला असतास. मला ठाऊक होतं."

टेरल म्हणाला, "मीच कमी पडलो असं दोन वर्षं स्वतःला समजावतोय, सर. आता कुठे पटायला लागलं होतं."

"मला कामावरून काढलं. वाटलं, तुला सांगावं."

"तुम्हाला काढलं नसतं तर वाटलं असतं?"



टेरल माझ्याकडे वळला. "आणि तुम्हाला कधी कळलं, कोच?"

मी सांगितलं. त्याच आठवड्यात.

त्याने मान हलवली, केसांवर जाळी चढवली आणि आत गेला.

टीग आता बहिणीकडे राहतो, सामने बघत नाही. माझी नोकरी चालू आहे. टेरलची आई दर रविवारी चर्चमध्ये माझा हात हातात घेते आणि माझ्या पोरासाठी तुम्ही खूप केलंत म्हणते. त्याने तिला अजून सांगितलेलं दिसत नाही.