चव आधी, नैवेद्य नंतर

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाकाची चव कधी घेतली नाही. हे आधीच सांगून टाकते. इंदिरानगरात आमच्या गल्लीत आज कुणालाही विचारा, उलटंच सांगतील. आणि तसं सांगायला पुरावा मीच तयार करून दिलाय.

नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, चाखलं की उष्टं झालं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर सणाच्या दिवशी घरोघरी आमटी एक तर अळणी, नाहीतर खारट. देव बोलत नाही, त्यामुळे निभून जातं. सासूबाईंची कटाची आमटी मात्र कधी चुकली नाही. कॉलनीतल्या देवीच्या देवळात अष्टमीचा नैवेद्य वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचा जायचा, आणि प्रसाद घ्यायला आलेल्या बायका हटकून विचारायच्या, "काकू, न चाखता अंदाज येतो तरी कसा?" सासूबाई निफाडकडच्या. "मीठ हाताला ठावं असतं, जिभेला नाय," एवढंच म्हणायच्या आणि पदर खोचून पुढच्या कामाला लागायच्या. बाईला दुसरा कसला म्हणून गर्व नव्हता. शाळा चौथीपर्यंत, नवरा तरणाताठा गेला, सातपूरच्या कारखान्यांत डबे पोचवून मुलगा वाढवला. मिरवायला एवढा एक हातच होता.

मी शिकवायचे तो कॉम्प्युटर क्लास बंद पडला आणि घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली. तेव्हा सासूबाईंच्या स्वयंपाकाचं चॅनल काढलं. सुरुवातीचे व्हिडिओ अगदी निवांत होते. त्या डाळ निवडताहेत, मधेच गप्प बसताहेत, "थांब गं, उतू जाईल" म्हणून उठताहेत. मला ते फार आवडायचे. पण प्रत्येक व्हिडिओमागे एक आलेख दिसतो, कितव्या सेकंदाला किती माणसं उरली त्याचा. आमचा आलेख घसरगुंडीच होता. अर्ध्या मिनिटात निम्मी माणसं पसार! मेल्यांना कसली एवढी घाई असते कोण जाणे. पुरण शिजायला वेळ लागतो, त्याला मी तरी काय करू?

पण केलंच. लोकांना धरून कसं ठेवायचं हे शिकवणारे शहाणे पायलीला पन्नास मिळतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: सगळ्यात चांगला क्षण सगळ्यात आधी दाखवा, आणि जिथे माणसं उठून जातात तो भाग कापा. मी कापत सुटले. सासूबाईंचे श्वास कापले, त्यांचं गप्प बसणं कापलं. एकदा स्वतःचा व्हिडिओ बघून त्या म्हणाल्या, "मी एवढी भराभरा बोलती व्हय गं? कुणी मागं लागलंय का माझ्या?" आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

मग नवरात्रातली अष्टमी आली. त्यांचा सगळा स्वयंपाक मी मोबाइलवर घेतला. देवळात ताट नेलं, नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं, तेही घेतलं. घरी आल्यावर सासूबाई त्याच हिरव्या लुगड्यात ओट्याशी उभ्या राहिल्या, चमचाभर आमटी तळहातावर घेतली, चाखली, डोळे मिटले आणि हसल्या. "जमली," म्हणाल्या. मी सांगते, असं हसू मी त्या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं.

ते हसू मी पहिल्या तीन सेकंदांत टाकलं. आणि देवळाचा भाग कापला. देवळात शिरलं की आमचा आलेख पडतो, हे मला आधीच्या दोन व्हिडिओंवरून पाठ झालं होतं. म्हणजे व्हिडिओत काय उरलं? आधी सासूबाई आमटी चाखताहेत, मग स्वयंपाक, आणि शेवटी ताट झाकून देवळाकडे निघाल्यात. लुगडं तेच, पातेलं तेच. एवढी शिकलेली मी, आणि अपलोड करताना हे माझ्या टाळक्यात आलं नाही. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पहिली कमेंट आली: "काकू, देवीला उष्टा नैवेद्य?" मग रीघच लागली. कुणी शिव्या दिल्या, कुणी धर्म बुडाला म्हणून गळा काढला. आणि आलेख? तो पडेचना. लोक मागे जाऊन जाऊन ते हसू पुन्हा बघत होते, खरंच चाखलं का ते तपासायला. त्याआधी आमचा एकही व्हिडिओ इतका वेळ कुणी पाहिला नव्हता.

तेव्हाच तो व्हिडिओ काढून टाकायला हवा होता. एका बोटाचं काम होतं. मी काय केलं? ती पहिली कमेंट सगळ्यांत वर ठेवली आणि खाली लिहिलं, "तुम्हाला काय वाटतं?" शहाण्यांनी तेही शिकवलं होतं, लोकांना बोलतं करा म्हणून. आठवडाभर मी हरखून तो आलेख बघत होते. आज लिहितानाही माझी मलाच किळस येते.

सासूबाई कमेंटी वाचत नाहीत. त्यांना कळलं ते भाजीवाल्याच्या गाडीपाशी. गल्लीतली एक जण, जी वर्षानुवर्षं अंदाजाचं गुपित विचारत आली, ती सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "काय हो काकू, म्हणून कधी चुकत नव्हतं होय!" उष्ट्याचं त्यांनी एक वेळ सोसलं असतं. पण इतक्या वर्षांचा हात त्या बाईने एका वाक्यात खोटा पाडला.

घरी येऊन त्यांनी मेथीची जुडी ओट्यावर ठेवली आणि मला विचारलं, "मी चाखल्यालं तू म्होरं का घातलं?"

"लोक थांबावेत म्हणून, आई."

"मंग? थांबले का?"

"थांबले."

त्या मेथी निवडायला बसल्या. आरडाओरडा करतील, चार शब्द सुनावतील अशी मी वाट बघत होते. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

तो व्हिडिओ मी हटवला आणि खरा, काहीही न कापलेला, देवळासकट टाकला. वर ठळक लिहिलं: आधी नैवेद्य, मगच चव. कोण बघतंय! देवळाची पायरी येईपर्यंत आलेख जमिनीला टेकला होता. खोट्यावर माणसं थांबली, खऱ्यावरून उठून गेली. गल्लीतल्या प्रत्येकीला मी तो स्वतः पाठवला. "अगं, आम्ही कुठे काय म्हणतोय," असं सगळ्या म्हणाल्या. चैत्रात देवळातल्या बायकांची बैठक झाली आणि नैवेद्य यंदापासून पाळीपाळीने करायचा ठरला. "काकूंना तरी किती त्रास द्यायचा," असा गोड शब्द होता. आमची पाळी अजून आलेली नाही.

चॅनल मी बंद केलं. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत, आजही बोलत नाहीत. फक्त आता साधं वरण केलं तरी त्या मला हाक मारतात, चमचा पुढे करतात. "मीठ बघ गं. माझ्या हाताचं काय खरं नाय आता." मी चाखते. मीठ बरोबर असतं. दर वेळी, अगदी कणभरही कमी-जास्त नसतं. मी तसं सांगते.

"खरं सांगती ना?" त्या विचारतात.